श्रवण सामान्य

दवाखान्याच्या फाटकासमोरच्या हॉटेलात दुर्गा आलुबोंड्यावर तर्री ओतून घेत होती. तेवढ्यात तिच्या कोपराला कुणीतरी हलकेच बोट लावलं. "बाई," मागून आवाज आला, "थो कागद वापस करता येते का जी?"

तिनं आधी कोपर झटकलं आणि मग वळून पाहिलं. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला एक वाळका माणूस उभा होता. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि त्याच्या पाठीला लागून नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी. पिशवीतून त्यानं एक कागद काढला. कागदाला प्लास्टिक चढवलेलं होतं, आणि त्या प्लास्टिकखाली तिला स्वतःची सही दिसली. ऐटदार, डावीकडून वर चढणारी. बौद्धिक अक्षमता, सौम्य, पन्नास टक्के. त्याखाली कायमस्वरूपी असा शब्द. तिचा हात तर्रीच्या वाटीवर तसाच राहिला आणि लाल तेल बशीच्या काठावरून टेबलावर उतरलं. पोऱ्या येण्याआधी मालकानंच खांद्यावरचं फडकं त्यावर फिरवलं. त्याच फडक्यानं त्यानं मघाशी मान पुसली होती. 

सात वर्षं ती सरकारी दवाखान्याच्या त्या खोलीत मुलांच्या बुद्धीची मापं काढत होती. कंत्राटी मानसशास्त्रज्ञ, दर बुधवारी दिव्यांग प्रमाणपत्रांची तपासणी. टक्के वाढवून द्या म्हणणारी माणसं तिनं पाहिली होती. लवकर द्या म्हणून पाया पडणारी, ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून तो तिच्या कानाशी धरणारीही पाहिली होती. कागद परत घ्या म्हणणारा माणूस तिला भेटला नव्हता.

"मी डोमा. सावली तालुक्यातून आलो. हे आचल. मांगच्या उन्हाळ्यात तुमीच लिहून देल्ता."

"परत का करायचाय?"

"शाळेत आता पुस्तक देत नाई तिले." डोमा उभ्यानंच बोलत होता. बसा म्हटलं तरी बसेना. "पहिले गुरुजी चिडे, पण अभ्यास देये. कागद नेऊन देला तं चिडनं बंद झालं आन् अभ्यास बी बंद झाला. मांगं बसवते, रंगाची पेटी देते. पोरगी दिवसभर रंगवून राह्यली. मी मनलं, पुस्तक काऊन नाई देत जी? तं मनते, तिचा कागद निघाला नं भाऊ, आता ते पास होतेच, तुमी टेन्शन नका घेऊ."

"विशेष शिक्षिका येत असतील ना?"

"येते जी. महिन्या-दीड महिन्यातून एखादं वेळ. चांगली बाई हाय. तिच्याकडं लई शाळा हाय मनते. येते, फोटो काढते, बसची वेळ झाली का जाते."

यामुळे शाळेत तिला आधार मिळेल. हे वाक्य दुर्गा प्रत्येक पालकाला म्हणत असे. सही करताना, मान वर न करता. हे वाक्य बोलताना तिच्या आवाजाला एक गोडवा येई, शिबिराच्या माईकवर येतो तसा. आता ते तिच्याच तोंडात फिरलं आणि तेलकट लागलं. मागच्या वर्षभरात तिनं ते किती वेळा म्हटलं असेल? प्रत्येक वेळी कुठल्या तरी गावात कुठलं तरी मूल उठून मागच्या भिंतीला गेलं असेल, रंगाची पेटी मांडीवर घेऊन. समाधान सगळ्यांचंच झालं असेल. गुरुजींचं, निकालाचं, दुर्गाच्या रजिस्टरचं.

तिला तो बुधवार आठवला. आठवायचा नव्हता, पण आठवला, आणि आधी त्याचा वासच आठवला. मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन खिडकीच्या पत्र्यावर तापत होतं. बाहेर बाकांवर, पायऱ्यांवर, जिन्याखाली माणसं बसलेली. पंखा फक्त आवाज करत होता. दारातून ही मुलगी आत आली आणि तिच्याबरोबर एक आंबूस, कुजका वास आला. नोंदीत वडिलांचा व्यवसाय मासेमारी, तलाव. झालं, दुर्गाला कारण मिळालं. कारण मिळालं की माणूस शोधायचं थांबतो. तिनं ड्रॉवर उघडला. करोना केव्हाच संपला होता, पण मास्कचा डबा तिथे असायचाच. या शहरात मास्क लावायला कारण लागत नाही, कोळशाची धूळ आहेच. तिनं मास्क चढवला, नाकावरची तार चिमटीनं दाबली, खुर्ची हातभर मागे घेतली आणि पुण्यात शिकलेल्या स्वच्छ मराठीत विचारायला सुरुवात केली.

ती मराठी तिनं मेहनतीनं मिळवली होती. मूळची ती मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरात मले, तुले, काऊन. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी ती आरशासमोर बसून वर्तमानपत्र वाचायची, ओठ नीट गोल होतात की नाही ते बघत. दुसऱ्या वर्षी एका बाईंनी वर्गात म्हटलं, दुर्गाकडे बघून वाटत नाही ती तिकडची आहे. त्या वाक्यानं ती आठवडाभर सुखात होती. त्या सुखाचीही आता तिला किळस आली. सुखालाही वास असतो, जुना झाला की येतो.

मुलगी समोर बसून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. प्रश्न विचारला की हसे. पुन्हा विचारला की पुन्हा हसे. चित्रांचं पुस्तक समोर धरलं तर एक-दोन चित्रांवर बोट ठेवलं, तेही घाईनं, अंदाजानं. ठोकळे मात्र तिनं भराभर जुळवले होते. दुर्गाला हे आता आठवलं, आणि तेव्हाही ते दिसलं होतं हेही आठवलं. पण ठोकळ्यांचे गुण बेरजेत बुडाले. एकोणीस मिनिटांत सगळं झालं. सहकार्य चांगलं, आकलन कमी. अर्जात वर एक ओळ होती, दृष्टी आणि श्रवण. बाप दाराशी उभा होता. तिनं विचारलं होतं, ऐकू येतं ना हिला? तो म्हणाला होता, "येते जी, जोरात बोललं तं." पहिल्या दोन शब्दांवरच तिचं पेन उतरलं होतं. श्रवण सामान्य.

हॉटेलात आता गर्दी झाली होती. कोळशाचा एक ट्रक भोंगा वाजवत फाटकासमोरून गेला आणि सगळ्यांनी आपापली बशी हातानं झाकली. मुलगी बापाच्या मागून पुढे येऊन बाकाच्या टोकाला बसली होती. दुर्गानं आपली बशी तिच्याकडे सरकवली. देण्यात काही मोठेपणा नव्हता, तिला ते खाववत नव्हतं इतकंच.

"तुमच्या तलावात काय काय मिळतं गं?"

मुलीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे पाहिलं नाही. "मरळ मिळते. झिंगे मिळते," ती जरा मोठ्यानंच बोलली. "पाणी कमी झालं का मरळ गाळात घुसते. मंग जाळं कामाचं नाई. हातानं धरा लागते. बाबा धरते. मी बी धरली एक."

दुर्गानं मान वर केली. कारण आणि परिणाम, क्रम, अपवाद, सगळं त्या चार वाक्यांत होतं. तिच्या परीक्षेत याला पूर्ण गुण होते. ओठांवर बसलेली कोळशाची धूळ पुसायला तिनं कागदी रुमाल तोंडावर धरला आणि रुमालाआडूनच विचारलं, "मग ती निसटली नाही का हातातून?"

मुलगी हसली. दुर्गाला ते हसू ओळखीचं होतं. शहाणं, नम्र आणि रिकामं.

तिनं रुमाल खाली घेतला. प्रश्न तोच, आवाजही तेवढाच. "निसटली नाही का?"

"निसटते नं! गालफडात बोट घाला लागते तिच्या," आचल म्हणाली.

दुर्गानं रुमाल टेबलावर टाकला. मग तिनं डोमाला डोळ्यांनीच खूण केली. तो मुलीच्या मागे होता. "हाक मारा तिला. हळू." त्यानं हाक मारली. मुलगी आलुबोंड्याचं सालपट सोलत राहिली. दुर्गा उठली, टेबलाला वळसा घालून तिच्याशेजारी गेली आणि वाकली. वेणीखाली, उजव्या कानात, पिवळा पडलेला कापसाचा बोळा होता. डाव्या कानात बोळा नव्हता, पाळीपर्यंत सुकलेली एक खपली उतरली होती. तोच वास होता. मासळीचा नव्हता, कधीच नव्हता. तिनं श्वास रोखला नाही. मुद्दाम पूर्ण घेतला, आणि मग हॉटेलच्या बाजूच्या नालीशी जाऊन, गुटख्याच्या पुड्या आणि राखेच्या चिखलाकडे तोंड करून ती ओकली. मालक म्हणाला, "मॅडम, बोंडा ताजाच आहे हो." ती हातानं नाही नाही म्हणत राहिली.

दोघांना घेऊन ती दवाखान्यात आली तेव्हा कानाचे डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग बंद करून निघाले होते. तरुण होते, थांबले. कान पुसून घेतला, आत दिवा घालून पाहिलं, दुसरा कान पाहिला. "दोन्ही पडदे फाटलेत. किती वर्षं वाहतोय?"

"लहानपणापासून जी. लहान लेकराचा वाहतेच मनते ना सारे. मोठी झाली का बंद होते मनते."

मग आवाजबंद खोलीत यंत्र लावून ऐकण्याची तपासणी झाली. कागदावर दोन रेषा उमटल्या आणि दोन्ही खाली उतरत गेल्या. मध्यम श्रवणदोष, दोन्ही बाजूंनी. डॉक्टर म्हणाले, औषधानं आधी कान कोरडे करू, मग ऑपरेशनला नागपूरला पाठवू, तोवर यंत्र बसवता येईल का ते बघू. बोलता बोलता त्यांची नजर प्लास्टिकमधल्या कागदावर गेली. "हे कुणी केलं? आधी ऐकणं तपासलं नव्हतं?"

"मी केलं," दुर्गा म्हणाली. ते ओशाळले आणि पेन शोधू लागले. त्यांचं ओशाळणंही तिला सहन होईना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एका पानावर सगळं लिहिलं. तपासणीच्या वेळी मी मास्क लावला होता. त्यामुळे मुलीला माझे ओठ दिसले नाहीत. तिला प्रश्न ऐकू गेले नाहीत. श्रवण न तपासता मी सामान्य अशी नोंद केली. तो कागद घेऊन ती विभागाच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. तिच्या कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी तेच शिफारस लिहीत. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला, बोटांनी नाकाचा दांडा चोळला. त्यांच्या टेबलावर पानाचा डबा होता, आणि बोलताना खालच्या ओठाच्या आत लाल रस हेलकावे खात होता. तिची नजर त्या रसावरून हटेना.

"दुर्गा मॅडम, चूक असं लिहायचं नसतं. पुनर्मूल्यांकन लिहायचं."

"पण चूक आहे, सर."

"असेल. नवा अर्ज करायला लावा त्याला. कानाचं प्रमाणपत्र निघेल, जुनं आपोआप रद्द होईल. मुलीचं काम होतंय ना? मग मास्क, ओठ हे कशाला? उद्या कुणी माहिती मागवली तर तुमची सगळीच प्रकरणं उघडावी लागतील." लाल रस किंचित बाहेर आला, त्यांनी तो आत ओढला. "ऐका माझं."

तुमची सगळीच प्रकरणं. ती खोलीत परत आली आणि लोखंडी कपाट उघडलं. फायलींना वाळवीचा मातकट वास होता. एकेक काढून ती श्रवण या ओळीवर बोट ठेवत गेली. सामान्य. सामान्य. सामान्य. सगळ्या खुणा एकाच वळणाच्या, एकाच वेगाच्या, जणू एकाच दिवशी मारलेल्या. प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन काही विचारल्याचं तिला आठवेना. काही खरंच सामान्य असतील. कोणते, ते या कपाटात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती जमिनीवरच बसली. धुळीनं हात काळे झाले होते आणि ते पुसावेत असं तिला वाटलं नाही.

साहेबांचं तिनं अर्धं ऐकलं. डोमाकडून नवा अर्ज भरून घेतला. आपलं पान मात्र तसंच, एक शब्दही न बदलता, आवक विभागात दिलं आणि पोच घेतली. त्यानंतर साहेब तिच्याशी फक्त चिठ्ठीनं बोलू लागले.

पंधरा दिवसांनी डोमा मुलीला कानाच्या तपासणीला घेऊन आला तेव्हा दुर्गानं त्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं. सांगायचं तिनं दहा वेळा मनात म्हणून ठेवलं होतं, पण तयार वाक्यं तोंडात आली की तिला शिबिराचा माईक ऐकू येई. म्हणून ती वाक्यं सोडून ती बोलली. "डोमाभाऊ, त्या दिवशी मी तोंड झाकलं होतं. हिच्या कानाचा वास मला सहन झाला नाही. मला वाटलं, मासळीचा आहे. तुमचाच आहे. म्हणून हे झालं."

डोमानं समोरच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्यांकडे पाहिलं.

"वास तं आमाले बी येते, बाई," तो म्हणाला. "आमाले काय नाक नाई? तिच्या मायले, वच्छलेले, बी येते. कुशीत घेऊन निजते थे."

दुर्गाला वाटलं, आता तो काही जास्त बोलेल. बोलावं असंही वाटलं. पण तो जायला निघाला, आणि दोन पावलांवरून परत वळला. "हेच शाळेत येऊन सांगा नं जी. मी सांगतलं तं कोणी मानत नाई. कागद तुमचा हाय, तुमीच सांगा."

सोमवारी तिनं रजा टाकली आणि सावलीची बस धरली. पुढे डोमाच्या फटफटीवर. दोन्ही बाजूंना धान कापून झालेले बांध, मग तलावाची पाळ, आणि पाळीखाली शाळा. मुख्याध्यापकांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, जिल्ह्याच्या मॅडम आल्या म्हणून फोटोसाठी मोबाइल काढला. तिनं कानाच्या डॉक्टरांचं पत्र पुढे ठेवलं. पहिल्या ओळीत बसवावं, तोंडाकडे तोंड करून शिकवावं, पाठ्यपुस्तक द्यावं.

"मॅडम, यादी तर वर गेली," ते म्हणाले. "यादीत ती बौद्धिक आहे. आता यंदा मधेच कानात कशी घालणार? पुढच्या जूनला बघू. आणि खरं सांगू? आता आनंदात आहे पोरगी. कुणी बोलत नाही, रागवत नाही. तुम्हीच तर दिलंत ना सर्टिफिकेट?"

तो माणूस मनापासून बोलत होता. हेच किळसवाणं होतं. त्याच्या बोलण्यात तिचाच गोडवा होता, तीच न ऐकता दिलेली समजूत. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडातून ऐकावा तसं तिला झालं. ती म्हणाली, "हो, मीच दिलं. ते चूक आहे, आणि ते मला वर्गात सांगायचंय."

चौथीचा वर्ग. दाराशी वच्छला येऊन उभी होती, पदराला ओले हात पुसत. दुर्गा फळ्यासमोर उभी राहिली आणि आचलची तपासणी आपण चुकीची केली, ती मंद नाही, तिला कमी ऐकू येतं, असं सगळं नीट, स्पष्ट, पुण्याच्या मराठीत सांगून मोकळी झाली.  मग तिनं मागच्या भिंतीकडे पाहिलं. आचल मान खाली घालून एका मोराचं शेपूट हिरवं करत होती. तिला यातलं एक अक्षर पोचलं नव्हतं.

दुर्गाला स्वतःचं हसू आलं, आणि ते हसूही घाणेरडं वाटलं. ती ओळींमधून मागे गेली, आचलच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिच्या हातावर हात ठेवला. मुलीनं वर पाहिलं, आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे. दुर्गाची पुस्तकी भाषा तिथं कुठेतरी अडली. बऱ्याच वर्षांनी तिच्या तोंडातून घरचं बोलणं आलं, गंजल्या बिजागरीसारखं.

"आचल, मी चुकली होती. तुले समजत नाई असं मी लिहिलं. तुले समजते. मीच तोंड झाकून बोलली, मनून तुले ऐकू आलं नाई."

"मले मालूम होतं," आचल म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"तुमी काईतरी विचारून राह्यल्या मनून. थो कपडा हालत होता."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

आचलनं रंगाची कांडी पेटीत ठेवली. वर्ग वळून बघत होता. तिचा आवाज नेहमीसारखाच जरा मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "तुमाले माह्या वास येत होता ना," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं तं आखीन येईन असं वाटलं. मनून चूप बसली."

दाराशी वच्छलेनं पदराचा बोळा तोंडात धरला.  दुर्गानं मुलीचा हात सोडलाही नाही आणि दाबलाही नाही. जमिनीच्या शेणसारवणाचा, रंगांच्या मेणाचा, मुलांच्या घामाचा आणि त्यात मिसळलेला, औषधानं आता पुसट झालेला तो वास तिच्या आत जात होता. जिवंत माणसाचा वास होता. घाण होती ती दुसरीकडे, आणि ती धुण्यासाठी कुठलं पाणी पुरेल, हे तिला समजत नव्हतं.

मुख्याध्यापक घसा खाकरत आत आले. मॅडम जिल्ह्याच्या होत्या, आणि सगळा वर्ग बघत होता. त्यांनी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक पुस्तक ओढून काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि आचलच्या समोर धरलं. "घे बेटा. हे घे. आजपासून तू पण वाच."

आचलनं पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ पाहिलं, मधलं एक पान उघडलं, पाठ पाहिली, आणि दोन्ही हातांनी परत केलं.

"हे दुसरीचं हाय," ती म्हणाली. "चौथीचं द्या."